हरल्याच्या दुसऱ्या दिवशी

गणू भुवड माझ्या हाताखालचा ड्रायव्हर, म्हणजे कागदोपत्री. दुबईतल्या आमच्या लिमोझिन कंपनीत ड्यूट्या मी लावतो, म्हणून साहेब मी. पण खरं सांगायचं तर या गुहागरच्या गड्याचं मला अजून नवल वाटतं.

गेल्या मार्चमध्ये एका परिषदेला स्लोवाकियाचे माजी पंतप्रधान होलुब आले होते. नुकतेच निवडणूक हरलेले, त्यामुळे ना ताफा, ना सायरन. जुमेरा लेक टॉवर्सच्या हॉटेलातून त्यांना आणायला मी गणूला पाठवलं आणि पाहुणा कोण ते सांगायचंच विसरलो. गाढवपणा माझा.

होलुब थेट पुढच्या सीटवर बसले. आमच्या धंद्यात साहेब मागे बसतो. पुढे बसतो तो मेकॅनिक नाहीतर फोरमन. गणूनं त्यांना परिषदेच्या मंडपाचा फोरमन ठरवलं, वाटेत कडक चहा पाजला आणि मोकळेपणानं रडगाणं सुरू केलं.

त्याची बायको प्रभावती सरपंचपदाला उभी होती. सात मतांनी पडली. विरोधकांनी दारात गुलाल उधळला, तेव्हापासून नऊ दिवस बाईनं उंबरा ओलांडला नव्हता. गावच सोडू म्हणत होती. तिला फोनवर समजावून गणू थकला होता.

"मीही हरलोय," पाहुणा म्हणाला.

"कशात? युनियनमध्ये?"

"सुरुवात तिथूनच."

मग ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या त्यांनी सगळं सांगितलं. आई कापडगिरणीत, स्वतः शाळामास्तर, मग युनियन, मग डाव्या वळणाचा पक्ष, मग पंतप्रधान. म्हाताऱ्यांची पेन्शन वाढवली, चुकाही केल्या, पडले. चार वर्षांनी पुन्हा पंतप्रधान झाले, आणि आता पुन्हा पडले.

दुसरा कोणी असता तर सॉरी सर, सॉरी सर करत सुटला असता. आमच्या पठ्ठ्यानं विचारलं, "सर, हरल्यावर नेक्स्ट मॉर्निंग काय केलं?"

"पहिल्यांदा महिनाभर घरात लपलो. तो महिना फुकट गेला. या वेळी संसदेत गेलो, जिंकलेल्याशी हात मिळवला, मागच्या बाकावर बसलो. सगळे टक लावून बघत होते. मग कंटाळले. मग मी प्रश्न विचारला."

गणूनं गाडी बाजूला घेऊन तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. "प्रभा, उद्या ग्रामसभा आहे ना? जा. बाजूला पंतप्रधान बसलेत, ते पण हरलेत."

"अहो, कायतरी सांगू नका!"

होलुबनी कॅमेऱ्यात हात हलवला. "कुठला गोरा धरून आणलात?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गणू फोन घेऊन माझ्या टेबलाशी आला. "साहेब, दोन मिनिटं, प्लीज." गावाकडून त्याची भावजय समिधा व्हिडिओ कॉलवर ग्रामसभा दाखवत होती. दारातून प्रभावती आत आली. कुजबुज झाली, कोणीतरी फिदीफिदी हसलं. ती सरळ नव्या सरपंचबाईंकडे गेली, अभिनंदन म्हणाली आणि मागे सतरंजीवर बसली.

गणूनं माझं मनगट घट्ट धरलं. साहेबाचं मनगट आहे याचं त्याला भान नव्हतं, मलाही नव्हतं.

"कोणाला काही विचारायचंय?" ग्रामसेवकानं विचारलं.

प्रभावती उभी राहिली. "मला मतं सात कमी पडली," ती म्हणाली. "पाणी तर सगळ्या गावालाच कमी पडतंय. नळ कधी सुरू करताय?"

आता कोणी हसलं नाही.