महिषासुर आणि ड्राइव्हचं बटण

"बंद कर! अरे, बंद कर ते! मिक्सीत खडे घालून फिरवतोयस काय?"

हे माझे काका. वय एकाहत्तर. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची गल्ली आहे, तिथल्या मठात दर दसऱ्याला मराठी कीर्तन करणारे एकटे उरलेले गृहस्थ. आणि त्यांच्याही वर चढलेला आवाज काकूचा: "अहो, ओरडू नका! डॉक्टरनी काय सांगितलंय?"

काकांनी गळ्यावर हात ठेवला. मग तेवढ्याच रागाने, पण कुजबुजत म्हणाले, "बंद कर."

मी बंद केलं. गिटारवर वाजवला होता फक्त एक सूर. पण त्या एका सुराने राजवाड्यावरची पारवी जी उठली ती थेट लांबच्या ओरत्तनाडू गावाला जाऊन उतरली, आणि मी ऐकतो त्याप्रमाणे अजून परतलेली नाहीत. समोरच्या घरातल्या मामींनी कुकर फुटला समजून गॅस बंद केला. त्यांच्याकडे त्या दिवशी भात कच्चा राहिला, एवढं मात्र खरं आहे.

गोष्ट अशी होती. काकांच्या गळ्यात गाठ निघाली होती. गाठ काढली, ती साधी निघाली, सगळ्यांनी नारळ फोडले. पण आवाज परत आला तो अर्धाच. डॉक्टरांनी सांगितलं, कीर्तन करा हवं तर, पण जोर लावायचा नाही. आता दसऱ्याची कथा महिषासुराची. महिषासुर जोर न लावता कसा करणार? काका तरुणपणी त्या राक्षसाची गर्जना करत तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं आयांच्या पदरात शिरत. त्या मुलांतला एक मी. काका म्हणत होते, गर्जना नाही तर कथा नाही, आणि कथा नाही तर यंदाचं कीर्तन शेवटचं. काकूपाशी त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. भरीला आमचे हार्मोनियमवाले मुलाकडे चेन्नईला राहायला गेले होते. म्हणून साथीला मी.

दिवसा मी विमा कंपनीत बसतो. संध्याकाळी लग्नाच्या रिसेप्शनमध्ये तमिळ सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या एका पार्टीत गिटार वाजवतो. माझ्याजवळ पायाने दाबायची एक हिरवी पेटी आहे, ओव्हरड्राइव्ह. साबणाच्या वडीएवढी. तिच्यावर तीन बटणं: ड्राइव्ह, टोन, लेव्हल. ही पेटी गिटारच्या सुराचं काय करते? एखाद्या लहान माणसाला झेपणार नाही एवढं ओझं द्या आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघेल तो ऐका. बस, तेच करते. ड्राइव्हचं बटण म्हणजे ओझं किती. मी ते पूर्ण उजवीकडे फिरवून काकांना म्हटलं होतं, "तुम्ही नुसतं तोंड हलवा. राक्षस मी आणतो."

पारवी उडाल्यावर काका तिण्णैवर, म्हणजे त्यांच्या दारच्या ओट्यावर, जाऊन बसले. मग मला जवळ बोलावलं.

"राक्षसाला शब्द असतात," ते हळूच म्हणाले. "तुझ्या राक्षसाला नुसतं तोंड आहे."

मला राग आला. बावीस वर्षं मी ती पेटी दाबतोय. पण घरी जाऊन पुन्हा वाजवलं तेव्हा कळलं की म्हातारा बरोबर आहे. ड्राइव्ह पूर्ण उघडलं की मोठा सूर आणि छोटा सूर एकाच उंचीचे होतात. हळू छेडा, जोरात छेडा, बाहेर तोच एक धबधबा. बावीस वर्षं मी रिसेप्शनमध्ये त्या धबधब्यामागे लपलो होतो. समोर लोक सांबार-भात खात असतात, कोण ऐकतंय?

मग तीन आठवडे आम्ही दोघांनी बसून कीर्तनाला सूर लावले. काकांची कीर्तनाची वही मराठी, पण अक्षरं तमिळ. ती आजोबांनी लिहिलेली, आणि त्यांना देवनागरी यायचं नाही. ओवी आली की ड्राइव्ह जवळजवळ बंद, नुसतं स्वच्छ. दिंडी वृत्त आलं की थोडं वर, सुराला जरा खरखर. राक्षस आला की तीन वाजता घड्याळाचा लहान काटा असतो तिथे. पायाने पेटी लावायची, वाकून बटण फिरवायचं, परत बसायचं. काका मान हलवायचे. "हं. आता बोलतोय." पुढे एकदा तर म्हणाले, "बघू, होईल बहुतेक."

आणि मग सरस्वतीपूजा आली.

आमच्याकडे त्या दिवशी कामाची सगळी हत्यारं देवीपुढे ठेवतात, चंदन-कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. काकूने काकांच्या चिपळ्या ठेवल्या, वही ठेवली, विळी ठेवली, स्वतःच्या मोपेडची किल्ली ठेवली. माझी गिटार आणि पेटीही मी नेऊन दिली. मागे राहिली तर काकू वर्षभर बोलून दाखवते. चंदन ती स्वतः उगाळते. असं उगाळते की त्यात आणखी एक देऊळ लिंपून निघेल.

दसऱ्याच्या सकाळी मी पेटी उचलली. तिन्ही बटणांवर चंदनाचे जाड गोळे वाळून दगड झालेले, मधोमध कुंकू. टोनचं बटण करकर करत फिरलं. लेव्हलचंही फिरलं. ड्राइव्ह जागचं हलेना. चंदन दांडीच्या फटीतून आत उतरून बसलं होतं. पक्कड आणली, पण दांडी वाकायला लागली तेव्हा हात आखडता घेतला. मोडली असती तर आवाजच गेला असता.

"काकू, हे काय केलंस?"

"तीन डोळे दिसले, तिन्हींना लावलं," काकू म्हणाली. "एकाला सोडू?"

बटण अडकलं होतं ते ओवीच्या जागी. सगळ्यात कमी. दसरा म्हणून दुकानं बंद, दुरुस्तीवाला आपल्या गावी. संध्याकाळी पाचला कीर्तन. मी काकांना सांगितलं. त्या दिवशी ते सकाळपासून मौनात होते, गळा राखायला. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. म्हणजे: मग?

मग मी खोलीचं दार लावून बसलो. लेव्हल, म्हणजे पेटीतून बाहेर पडणारा जोर, पूर्ण वर केलं, म्हणजे पुढच्या स्पीकरलाच ओझं पडेल. गिटारवर आवाजाचं स्वतःचं एक बटण असतं, ते इतकी वर्षं मी पूर्ण उघडं ठेवून विसरून गेलो होतो. ते अर्ध्यावर आणलं की सूर पाण्यासारखा. वर नेलं की कडा येते. अंगठ्याच्या मांसाने छेडलं तर म्हातारं माणूस बोलल्यासारखं. तारा छेडायच्या प्लास्टिकच्या तुकड्याने, तारा बांधल्या आहेत त्या टोकाजवळ छेडलं तर चिडकं. आणि सगळं उघडून, हाताचं हाड दुखेल एवढं जोरात मारलं, तर तो सूर फाटायचा. फार नाही. फाटायचा आणि लगेच सावरायचा. गर्जना म्हणवणार नाही असा. यापुढे मात्र काही करता येत नव्हतं.

मठात त्या संध्याकाळी चार हजार माणसं होती असं मी फोनवर बहिणीला सांगितलं. खरी चाळीस. त्यातली दोघं सुंडलसाठी, म्हणजे प्रसादाच्या उसळीसाठी, आलेली. मुलं पुढे बसली होती, मराठी समजणारी आणि तमिळमध्ये उत्तर देणारी.

ओवी नीट गेली, दिंडीही गेली. मी वाकलो नाही, काही फिरवलं नाही, नुसती बोटं. मग राक्षस आला. काकांनी कंबर ताठ केली, हात वर नेला आणि विसरले. डॉक्टरांना विसरले, काकूला विसरले. त्यांनी जोर लावला. आवाज वर गेला आणि मध्येच फाटला, वाऱ्यात धोतर फाटावं तसा. पुढे शब्द होते, ते काकांच्या तोंडून निघेनात.

मी सगळं उघडलं आणि मारलं.

तोही फाटला. तसाच. जिथे काकांचा आवाज तुटला होता तिथूनच उचलल्यासारखा, तेवढाच खरखरीत, तेवढ्याच दमाचा. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ते शब्द म्हटले, गर्जून नाही, बोलून. प्रत्येक शब्दामागे मी एक सूर ठेवत गेलो. तो राक्षस भीतिदायक नव्हता. त्याला माहीत होतं की आपण हरणार आहोत, आणि तरी तो उभा होता. एकही मूल आईच्या पदरात शिरलं नाही. ती सगळी तोंड उघडी ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. समोरच्या मामी डोळे पुसत होत्या. महिषासुरासाठी कुणी रडल्याचं मी त्याआधी ऐकलेलं नाही, आणि हे तरी मी वाढवून सांगत नाही.

आरती झाली, सुंडल वाटून झालं, माणसं पांगली. काकूने काकांना गरम पाणी दिलं आणि मला एक नजर दिली, ती अजून अंगावर आहे. काका भिंतीला टेकून बसले होते. मी वायर गुंडाळत त्यांच्याजवळ गेलो.

"काका, राक्षस हवा तसा झाला नाही. पण कीर्तन सोडू नका."

काकांनी दोन घोट पाणी प्यायलं.

"पुढच्या वर्षी राक्षस तू घे," ते म्हणाले. "मला देवी पुरे."