पाच जाड्यांचा क्वार्टरबॅक

आमच्या ओहायोतल्या गावच्या हौशी अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, जागा एकच आणि उमेदवार दोन. दोघेही चाळिशीचे, दोघांनाही पुन्हा मैदान गाजवायचं होतं. डेल लांब फेकायचा. शाळेची बस चालवणाऱ्या लॉनीचा खांदा कुरकुरायचा. यंदा जमलं नाही तर तो बूट कायमचे माळ्यावर टाकणार होता.

कोचला काही ठरवता येईना. शेवटी त्यानं क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याच्यासाठी धक्के खाणाऱ्या पाच धटिंगणांनाच विचारलं. त्यांत माझा नवरा व्हर्लिन.

"फेकायला डेलच भारी," व्हर्लिन म्हणाला, "पण पडला की आमच्या नावानं शंख करतो. लॉनी पडला की विचारतो, 'कुणाला लागलं नाही ना रे, जाड्यांनो?' आम्हाला लॉनीच हवा."

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या.

"अरे, पण माझा खांदा..." लॉनी पुटपुटला.

"गप रे!" व्हर्लिन म्हणाला. "तुझ्यापर्यंत कुणाला पोचू दिलं तर ना!"