सलीमचं आखूड पाऊल

आमचं पोस्टिंग सीमेवरच्या एका डोंगरी चौकीवर होतं. सकाळी सहाला गस्तीची तुकडी निघायची. सुरुंगांच्या पट्ट्यात नियम एकच. पुढच्याच्या बुटाचा ठसा असेल तिथंच आपला बूट ठेवायचा. सगळ्यात पुढे नाईक सलीम शेख, माढ्याचा. त्याच्यामागे मी, सोलापूरचा. तो बुटका, मी सहा फुटी. त्याच्या ठशांत चालताना माझे गुडघे आखडायचे.

"जरा लांब टांग टाक की," मी म्हणायचो.

"तूच कमी वाढायचा हुतास," तो म्हणायचा.

एका सकाळी पावसाच्या पाण्यानं सरकून वाटेवर आलेला सुरुंग त्याच्या पायाखाली आला. मागून हवालदार रेडिओवर बोलले, "माइन ब्लास्ट. टू कॅज्युअल्टीज. ओव्हर." सलीम जागीच गेला. माझ्या डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

पुढचे उपचार सोलापुरात झाले. सलीमच्या अम्मीचा फोन यायचा. काठी सुटली की घरी ये, म्हणायची. काठी टेकत तिच्या दारात उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

फिजिओथेरपिस्ट कांबळे मॅडम दर महिन्याला पायांना सेन्सर चिकटवून मला एका मॅटवर चालवायच्या. कुठल्या पायावर किती भार, पाऊल किती लांब, सगळं स्क्रीनवर दिसायचं. पहिल्या दिवशी 'चाला' ऐकताच मी लंगडत का होईना, छाती काढून मार्च केला. त्या हसल्या. नवी पेठेत खरेदीला जाता तसं चाला, म्हणाल्या.

हळूहळू दोन्ही पायांवरचा भार सारखा झाला. पाऊल मात्र वाढेना, काठी सुटेना.

"हाड जुळलंय, ताकद आलीय," मॅडम म्हणाल्या. "मग तुमच्या उंचीला एवढं आखूड पाऊल का? आणि नजर सारखी खाली?"

मी स्क्रीनवरच्या पावलांवर बोट ठेवलं.

"हे माझं पाऊल नाही, मॅडम. सलीमचं आहे."

मग त्यांना सगळं सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी मला समोरच्या खिडकीकडे बघत चालायला लावलं. लांब पाऊल टाकायचं म्हणजे सलीमचा ठसा सोडायचा. मन तयार होत नव्हतं. तरी टाकलं. काही महिन्यांनी काठी घरच्या कोपऱ्यात राहिली आणि मी माढ्याची एसटी धरली.

"काठी कुटं हाय?" अम्मीनं विचारलं.

"सुटली, अम्मी."

तिनं माझ्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि कब्रस्तानाकडे निघाली. वाटेवर धूळ होती. तिचंही पाऊल तसंच आखूड. मी तिच्या ठशांत पाय ठेवत गेलो.

फाटकाशी ती थांबली. "बायका आत जात न्हाईत. आता तू जा," म्हणाली.

पुढे ठसे नव्हते. मी मान वर केली आणि माझ्या पावलांनी सलीमपर्यंत गेलो.