पाच वाजून बारा मिनिटांची नोंद

आमच्या कंपनीच्या पीआरओने चाचांना फसवलं. खोटं पीआरओने केलं आणि नोकरी चाचांची गेली. मधे मी होतो. ती घटना आजही आठवली की मला स्वतःचाच राग येतो, आणि माझा राग किती वाईट आहे हे माझ्या हाताखाली काम केलेल्यांना विचारा.

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि खात्याच्या परीक्षा देत देत इन्स्पेक्टर झालो. वशिला कुणाचा नव्हता. निवृत्तीनंतर ओमानमधल्या सोहारच्या एका कारखान्यात सुरक्षाप्रमुखाची नोकरी मिळाली. तिथेही पगार, खोली, वर्षाचं तिकीट, सगळं घासाघीस करून घेतलं. समोरच्याला आपल्या हातातला पत्ता दाखवायचा नाही, ही माझी सवय चौकशीत आणि सौद्यात सारखीच.

चाचा रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं तिथे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. त्यांना हौशी रेडिओचा नाद होता. परीक्षा देऊन रीतसर परवाना काढलेला, गाडीतही रेडिओ बसवलेला. अशा माणसाला सरकार एक कॉल साइन देतं. चार-सहा अक्षरं-आकडे, जगात दुसऱ्या कुणाचे नसलेले. हवेत त्याचं तेच नाव.

"साहेब, अमेरिकेत हीच कॉल साइन गाडीच्या नंबर प्लेटवर मिळते," ते मला एकदा म्हणाले. "इथे मिळेल काय?"

मी हसलो. पीआरओ हसला नाही. पीआरओ म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीची कागदपत्रं करून आणणारा माणूस. तो म्हणाला, "चाचा, खास परवानगी काढतो. इन्शाल्ला पुढच्या महिन्यात." त्या 'पुढच्या महिन्या'वर त्याने चाचांकडून घरातला एसी, डिश अँटेना, पोराचा संगणक, सगळं दुरुस्त करून घेतलं. दीड वर्षाने त्याने पाटी आणून दिली. सोबत शिक्क्याचं पत्रही. चाचांनी ती गाडीला लावली. आठवड्याच्या आत नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. अशी नंबर प्लेट तिथे देतच नाहीत, आणि पत्र बनावट. तिथल्या पोलिसांनी पाटी जप्त केली आणि कंपनीकडे लेखी खुलासा मागितला. मॅनेजरने चौकशी माझ्याकडे दिली.

पीआरओने कानावर हात ठेवले. "मी पाटी दिलीच नाही. चाचांनीच कुठून तरी बनवून घेतली असणार."

चाचा म्हणाले, "दिली. पार्किंगमध्ये, माझ्या गाडीत बसून दिली. माझ्या वहीत नोंद आहे."

हे लोक रेडिओवर कुणाशीही बोलले की वहीत वेळ आणि समोरच्याची कॉल साइन लिहितात. मी वही ताब्यात घेतली. त्या तारखेला नोंद होती: पाच वाजून बारा मिनिटं, साताऱ्याचे मास्तर, नवी पाटी लावून पहिला कॉल, पीआरओ शेजारी बसलेला. मग मी गेटचं रजिस्टर काढलं. त्या दिवशी पीआरओ मस्कतहून आला तो आठ पंचावन्नला, परत गेला नऊ चाळीसला. वहीतल्या वेळा चोवीस तासांच्या घड्याळाच्या, म्हणजे हे पहाटेचे पाच. तेव्हा तो मस्कतला अझैबात आपल्या घरी झोपलेला असणार.

सापडला खोटा माणूस, असं मला वाटलं. नोंद चाचांसमोर ठेवून एक प्रश्न विचारायचा होता. तो विचारला नाही. पत्ता दाखवायचा नाही ना!

"तुझी वही खोटी आहे," मी म्हणालो. तोवर मी त्यांना 'तुम्ही' म्हणत होतो.

"साहेब, मला काय ते बोला. वहीत आमचा माणूस खोटं लिहीत नाही."

"आवाज खाली!" मी टेबलावर हात आपटला. त्यांचा आवाज खालीच होता.

मॅनेजरला चाचांविरुद्ध फिर्याद द्यायची होती. मी त्याच्याशी दोन दिवस घासाघीस केली आणि सौदा जमवला. पाटी आणि पत्र आपणच बनवलं अशी कबुली चाचांनी लिहून द्यायची, राजीनामा द्यायचा, गावी जायचं, फिर्याद नाही. चाचांना तुरुंगातून वाचवलं म्हणून मी खूश होतो. कबुलीचा कागद वाचून चाचांनी विचारलं, "वहीतली ओळसुद्धा खोटी म्हणायची?"

"हो."

"बाकी काय पाहिजे ते लिहून घ्या. ती ओळ तेवढी सोडा."

"सौद्यात काहीतरी सोडावंच लागतं, चाचा."

त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून खाली मी केली.

चाचा गेल्यावर दहा दिवसांनी सुरक्षा कार्यालयात साताऱ्याहून फोन आला. निवृत्त शिक्षक होते, वहीतले मास्तर. "चाचा हवेत येत नाहीत. बरे आहेत ना?" मी तुटकपणे सगळं सांगितलं, पहाटेच्या नोंदीसकट.

"पहाटे?" मास्तर म्हणाले. "अहो, माझ्याकडे तेव्हा पावणेअकरा होत आले होते. माझ्याही वहीत पाच बाराच आहे. जगभर आम्ही ग्रीनिचची वेळ लिहितो. ओमानला चार तास मिळवा."

नऊ वाजून बारा मिनिटं. पीआरओ गेटच्या आत होता.

"आणि तो पीआरओ होता की गाडीत," मास्तर पुढे म्हणाले. "परवाना नाही म्हणून चाचा त्याला माइक देईनात. मागून ओरडत होता, 'मास्तर को बोलो, प्लेट मैंने लाया!'"

पीआरओला बोलावलं. दहा मिनिटांत बोलला. "साहेब, रोज विचारायचे हो. कंटाळून दुकानांच्या पाट्या करणाऱ्या बोर्डवाल्याकडून करून घेतली. पकडले जातील असं वाटलं नव्हतं."

मी मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "खुलासा गेला, फाईल बंद. खलास. आणि इन्स्पेक्टरसाहेब, साक्षीदार म्हणून सही कुणाची आहे?"

त्याच दिवशी मी राजीनामा दिला. गावी फोन लावून चाचांची माफी मागितली. ते म्हणाले, "परवाना परत केला, साहेब. एक नोंद खोटी म्हणून सही केलेल्या माणसाने पुढची कशी लिहायची?" त्या वेळी त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी चाचा वारले. मास्तरांनी मला साताऱ्याला बोलावून घेतलं. यांच्यात रीत आहे, माणूस गेला की त्याच्या कॉल साइनला शेवटची हाक मारतात. मास्तरांनी माइक धरला आणि तीच अक्षरं तीनदा उच्चारली. प्रत्येक हाकेनंतर थांबले. खरखर तेवढी ऐकू आली. मग त्यांनी वहीत वेळ लिहिली. मी मनातल्या मनात साडेपाच तास मिळवले.

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. खोटं बोलणारा ओळखता येतो याचा मला गर्व होता. खरं बोलणारा ओळखता येत नव्हता, हे मला या एका प्रकरणाने शिकवलं. माझ्या चुकीचं उत्तर मी इथे लिहून दिलं आहे.

आता मॅनेजर, तुम्ही द्या. ती कबुली अजून तुमच्या कपाटात आहे. पीआरओ अजून तुमच्याच पगारावर आहे. कपाट उघडा, खरा खुलासा पाठवा, आणि त्याची प्रत चाचांच्या घरच्यांना द्या. सत्य कळूनही फाईल बंद का ठेवली? मी विचारतोय. उत्तर द्या.