हिरवं कुलूप लावणारा मास्तर

आमच्या नानफांगआओ बंदरात मला भूगोलाचा निवृत्त शिक्षक म्हणून कुणी ओळखत नाही. मी कुलूपमास्तर. इंटरनेटवर कुणीही भर घालावी असा तो ज्ञानकोश आहे ना, त्यात मी फुकट राबतो. लेखाखाली तळटिपा असतात, माहिती कुठून घेतली ते सांगणाऱ्या. त्यातल्या प्रत्येक दुव्याच्या शेपटाला मी बारकंसं कुलूप लावतो. कुणालाही वाचता येत असेल तर हिरवं, उघडं. फक्त सभासदांना दिसत असेल तर लाल, बंद. वाचणाऱ्याची फुकट खेप होऊ नये, एवढाच हेतू. माझी बायको ली-च्यू म्हणते, "गावात चोर नाहीत म्हणून हे इंटरनेटला कुलपं लावत सुटलेत!"

हसा खुशाल. पण स्वतः उघडून पाहिल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. कोशात राबणारे बाकीचे अंदाजपंचे ठोकून देतात. यावर मी आमच्या गटात इतकी प्रवचनं झोडलीत की मी तोंड उघडलं की लोक चहा आणायला उठतात.

तर पाओ-यिन काकू. बाजारात बांगडा निवडतात. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली की निघालेली होडी माघारी वळते. एकच होडी वळली नाही, त्यांच्या नवऱ्याची, थिएन-वांगची. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढं एका तुफानात घरात लाट शिरली आणि फोटोंची पेटीही गेली. "आता चेहरा नीट आठवत नाही," असं काकूंनी मला मासे तोलता तोलता सांगितलं होतं, बांगड्याचा भाव सांगावा तशा सुरात.

बंदरावरचा लेख लिहिताना मला एका जुन्या वर्तमानपत्राच्या संग्रहात बातमी सापडली: नवी होडी पाण्यात उतरवली त्या दिवसाची. फोटोत होडीच्या पुढच्या टोकावर उभा थिएन-वांग, खाली नावासकट! मी धावत बाजार गाठला.

"काकू, थिएन-वांग काकांचा फोटो मिळाला! दुवा पाठवलाय तुमच्या फोनवर. हिरवं कुलूप आहे, घरी निवांत बघा."

शहाण्या माणसानं फोटोची प्रत काढून आणली असती. पण आमचं तत्त्व! नक्कल दाखवायची नाही, माणसाला मूळ स्रोताकडे पाठवायचं. काकूंनी हातातला बांगडा तसाच खाली ठेवला आणि हात धुवायला गेल्या.

त्यानंतर काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मान खाली घालून तोलायच्या, पिशवी पुढं सरकवायच्या. शेवटी ली-च्यू मला बाजारात ओढतच घेऊन गेली. "काय बोललात हो त्यांना? विचारा, माझ्यासमोर विचारा."

"काकू, बघितला का फोटो?"

"नाही उघडला, मास्तर. 'आपल्याला परवानगी नाही' असं आलं." काकू बर्फ सारखा करत राहिल्या. "म्हटलं, बरोबरच आहे. दोन वर्षंसुद्धा संसार नाही, मूलबाळ नाही. सासरच्यांनी तर तेव्हाच बाहेर काढलं होतं. कुणीतरी विचार करूनच लिहिलं असेल."

"छे हो! तुमचं बोट ओलं असेल. नाहीतर फोन जुना. नाहीतर या बाजारात रेंजच..."

ली-च्यूनं तोवर स्वतःच्या फोनवर दुवा उघडला आणि माझ्या नाकासमोर धरला. परवानगी नाही. फक्त सभासद संस्थांसाठी.

"तुम्ही हे तपासता कुठं बसून?" तिनं विचारलं.

"वाचनालयात. गार हवा असते तिथं."

"आणि वाचनालय सभासद आहे का याचं?"

झालं! वाचनालयाच्या यंत्रावर तो संग्रह आपोआप उघडतो. आतल्या माणसानं रस्त्यावरच्याला सांगावं, 'दार उघडंच आहे की,' तसा प्रकार. आणि हे मी एकदा नाही, त्या संग्रहाच्या प्रत्येक दुव्याला केलेलं. स्वतः उघडून पाहून! मला इतकी लाज वाटली की ली-च्यूनंसुद्धा पुढचा टोमणा गिळला.

"काकू, तुम्हाला कुणी नाही म्हटलं नाही. गाढव मी आहे. चला, बसा स्कूटरवर."

काकू आधी घरी गेल्या. धुतलेला सदरा घालून, केस चापून आल्या. वाचनालयात मात्र बसेनात. "खुर्चीला मासळीचा वास लागेल हो." मी दोन्ही खांदे धरून त्यांना बसवलं आणि दुवा दाबला.

फोटो उघडला. काकू पुढं वाकल्या. मग त्यांनी पडद्याला न टेकवता त्याच्या गालाशी बोट नेलं.

"अगं बाई, हा तर पोरगा आहे हो!"

"एकोणतीस वर्षांचे, असं लिहिलंय खाली."

"मास्तर," त्या एवढ्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं, "वर गेल्यावर हा मला ओळखेल का?"

प्रत्येक वाक्याला आधार मागणारा माणूस मी. खुर्ची ओढून मी शेजारच्या यंत्राशी बसलो आणि एकेक कुलूप लाल करायला घेतलं. नीट दिसत नव्हतं, दोन-चार चुकलीही असतील.