तलावामागच्या रस्त्याचं वाटोळं

सतरा वर्षं ड्रायव्हिंग शिकवूनही बाईंना स्वतः गाडी चालवायला मिळायची ती फक्त रविवारी. बाकी सहा दिवस त्या शिकाऊंच्या शेजारच्या सीटवर बसायच्या, पाय जादा ब्रेकवर आणि तोंडात "क्लच, क्लच, अहो क्लच!" घरी जेवतानासुद्धा त्यांचा पाय टेबलाखाली दाबला जायचा. नवरा म्हणायचा, "अगं, भाजी वाढतोय मी, धडकत नाहीये."

रविवारी सकाळी मात्र त्या एकट्या तलावामागच्या रस्त्यावर जायच्या. एकोणीस वळणं, ना सिग्नल, ना दुकान. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी बोटाच्या इशाऱ्यावर वळायची आणि बाराव्या वळणावर सगळा तलाव एकदम खिडकीत यायचा. तास-दीड तास कोणाला काही शिकवायचं नाही, यातच त्यांचं सुख होतं.

हा रस्ता त्यांनी कधी कुणाला दाखवला नव्हता. दाखवला तो नेमका साहेबांना.

साहेब म्हणजे लायसन्स ऑफिसातले निवृत्त परीक्षक. आरसा बघितला नाही, मान कमी वळवली, असल्या कारणांवरून बाईंच्या निम्म्या विद्यार्थ्यांना त्यांनी नापास केलेलं. आता डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांच्या सुनेनं बजावलं, "बाबा, आधी क्लास लावा, मगच किल्ली मिळेल." आले बाईंकडे!

ताशी वीसच्या वेगानं जात साहेब प्रत्येक पाटीवर टीका करायचे. "हा बाण तिरका आहे, बाई." "समोर बघा, साहेब." "बघतोय म्हणूनच सांगतोय." चार दिवसांत बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी, जरा हात तरी मोकळा होईल म्हणून, पाचव्या दिवशी त्यांनी गाडी तलावामागे घ्यायला लावली.

सातव्या वळणाला साहेबांचे खांदे सैल पडले. दहाव्याला ते चक्क गुणगुणायला लागले. परतताना म्हणाले, "बाई, जन्मभर रस्त्यावर लोकांना नापास केलं. रस्ता इतका गोड असतो, हे कुणी सांगितलंच नाही हो." बाईंचा सगळा राग विरघळला. पुढच्या आठवड्यात साहेब बाईंच्या क्लासातून पास झाले.

महिन्याभरानं एका रविवारी, दुसऱ्याच वळणावर बाईंचं डोकं टपाला आपटलं. गतिरोधक! पुढे आणखी एक. मग आणखी. मोजले तर अकरा! बाराव्या वळणावर तलाव आला, पण बाईंची नजर रस्त्यावरून हटेना.

दुसऱ्या दिवशी साहेब हसतमुखानं क्लासात हजर. "तुमच्या रस्त्याचं काम करून घेतलं! सहा अर्ज केले."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, मी काय तुमचं घोडं मारलं होतं?"

"अहो, एवढा सुंदर रस्ता. कुणी भरधाव जाऊन मेलं असतं तर?"

"सतरा वर्षांत कुणी मेलं नाही. जातंच कोण तिथे? एक मी!"

बाईंनी साहेबांना गाडीत बसवलं आणि तलावामागे नेऊन अकराच्या अकरा गतिरोधक जाता-येता त्यांच्याकडूनच पार करवून घेतले. चौथ्यावर त्यांचा चष्मा मांडीवर पडला. नवव्यावर ते हळूच म्हणाले, "जरा जास्तच झाले, नाही?"

त्यांनी सातवा अर्ज केला, गतिरोधक काढावेत म्हणून. उत्तर आलं: या रस्त्यावर अपघात होत नाहीत याचा पुरावा द्यावा, मात्र गतिरोधक असताना अपघात झाले नाहीत, तर ते गतिरोधकांमुळेच झाले नाहीत असं धरलं जाईल. ते वाचून बाईंनी कपाळावर हात मारला. साहेबांचाही चेहरा पडला. असली उत्तरं नोकरीत असताना त्यांनी स्वतःच लिहिली होती.

अर्ज अजून फिरतोय. बाईंनी मात्र दोन महिने भटकून जुन्या दगडखाणीकडून नदीकाठानं जाणारा दुसरा रस्ता शोधला. वळणं तेराच, पण बरी आहेत.

"हल्ली रविवारी कुठे जाता, बाई?" साहेबांनी परवा विचारलं.

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "घरी झोपते."