आधी त्यांना लावा

गुलाबपाण्याचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. इथे नेदरलँड्समध्ये, नायमेखनला आमच्या खालच्या मजल्यावर सुरिनामच्या एक वयस्कर काळ्या बाई राहतात. रविवारी सकाळी त्यांच्या घरी चारपाच काळ्या बायका डोळे मिटून शांत बसायला जमतात. त्यांत मलाही त्यांनी ओढलं. "रुस्तिख," म्हणजे डचमध्ये शांत, सावकाश, एवढाच त्यांचा उपदेश. एका संक्रांतीला मी या बाईंना इथल्या एका मराठी घरी हळदीकुंकवाला घेऊन गेले. यजमानीणबाई एकेकीला कुंकू लावत, गुलाबपाणी शिंपडत आमच्यापर्यंत आल्या आणि त्यांना पाहताच तबक मागे घेऊन मला मराठीत म्हणाल्या, "अगं, कामवालीला इथे कशाला बसवलंस?" मी ताडकन उठणार, तोच शेजारी बसलेल्या माझ्या बाईंनी माझं मनगट धरलं. शब्द त्यांना कळले नव्हते, मागे गेलेलं तबक कळलं होतं. "रुस्तिख," त्या पुटपुटल्या. मग मी बसल्या जागेवरूनच, आवाज न चढवता म्हणाले, "ह्या माझ्या गुरू आहेत. आधी त्यांना लावा, मग मला." तबक पुढे आलं नाही. आम्ही दोघी कोऱ्या कपाळांनी बाहेर पडलो. परवाच्या रविवारी मी त्यांना म्हटलं, इतकी वर्षं बसतेय तुमच्याजवळ, पण त्या दिवसाचा राग काही जात नाही. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "माझा तरी कुठे गेलाय?"